धान्य वाटणाऱ्याने उपदेश करावा का? नाशिकच्या एका मंडळीला उत्तर

नाशिक शहरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सुरगाणा तालुक्यातल्या काही पाड्यांवर त्यांनी काम सुरू केलंय: पावसाळ्यात धान्याचे किट, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या, महिन्यातून एकदा आरोग्य शिबिर. आता समितीत दोन तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, प्रत्येक वाटपाआधी दहा मिनिटं तरी बायबलचं वचन सांगायलाच हवं, नाहीतर आपल्यात आणि एखाद्या एनजीओत फरक काय? तरुणांतले काही म्हणतात, दिवस वाईट आहेत, प्रभूचं नावच काढू नका, बॅनरसुद्धा नको. मग मेळ कसा घालायचा?

पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या पट्ट्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आधी एका मिशन दवाखान्याच्या खेड्यांतल्या कामात, नंतर चर्चच्या मदतकार्यात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमचे दोन्ही तट मिनिटांवरून भांडतायत. दहा की शून्य. मला तो हिशेब गौण वाटतो. मी एवढंच विचारतो: समोरचा माणूस तुमच्या सुवार्तेला, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाला, ‘नको’ म्हणाला तर त्याचं काही बुडतं का? आणि बुडत नसेल, तर ते त्याला पक्कं ठाऊक आहे का? पहिली अट पाळणं सोपं आहे, दुसरीसाठी फार कष्ट पडतात.

किटच्या रांगेतली बाई डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ती दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला गेलेली असते. पावसाच्या तोंडावर परत येते, तोवर घरातली नागली संपत आलेली असते आणि भाताची आवणी व्हायची असते. तुमच्याकडे यादी आहे, यादीत तिचं नाव आहे किंवा नाही. अशा वेळी तुम्ही म्हणालात, ‘ताई, आधी दोन शब्द ऐकू या, सक्ती काही नाही बरं का,’ तर ती बसणारच. गाणं म्हणा म्हणालात तर म्हणेल, टाळ्या वाजवील, आमेनही म्हणेल. सक्ती नाही हे तुम्ही तोंडाने सांगितलं, पण तेलाची पिशवी तुमच्या पाठीमागे टेम्पोत आहे. तुमच्या अहवालात मात्र ‘साठ जणांनी वचन ऐकलं’ असं येईल. ते साठ जण टेम्पोकडे बघत होते.

म्हणून माझा नियम कडक आहे: ज्याच्या हातात यादी, त्याच्या तोंडी उपदेश नको. वाटपाच्या दिवशी नको, वाटपाच्या जागी नको, आणि त्या पाड्यावर मदत चालू आहे तोवर त्या माणसाने तर नकोच. ज्येष्ठांना हे पटणार नाही, तेव्हा शास्त्रातूनच बोला. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाल्लेला जमाव दुसऱ्या दिवशी शोधत येतो, तेव्हा प्रभू त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरीसाठी आलात. त्याच अध्यायाच्या शेवटी बरेच जण निघून जातात. त्यांनी खाल्लेल्या भाकरीचा हिशेब कुणी मागत नाही. दहा कुष्ठरोग्यांतला एकच आभार मानायला परत आला, म्हणून उरलेल्या नऊ जणांचा रोग पुन्हा उमटला नाही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर हाच प्रश्न कामाच्या वाटणीने सुटलाय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, तेव्हा वाटपासाठी सात जण वेगळे नेमले आणि बारा प्रेषितांनी वचनाचं काम धरलं. इथे तुमच्या समितीतलं कुणी तरी नक्की म्हणेल, ‘अहो, त्या सातांतला स्तेफन तर जबरदस्त उपदेशक होता, आणि फिलिप शोमरोनात गेला.’ बरोबर आहे. पण स्तेफन वाद घालत होता तो सभास्थानातल्या माणसांशी. जेवणाच्या पंगतीतल्या विधवांना त्याने उपदेश ऐकवल्याचा उल्लेख मला कुठे सापडलेला नाही. फिलिपही बोलला तो दुसऱ्या मुलखात जाऊन. वाढप्याने कधीच साक्ष देऊ नये असं मी म्हणत नाही. ज्यांच्या पानात तो वाढतो त्यांच्यापुढे त्याने थांबावं, एवढंच.

आपल्या शहरात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. शरणपूर रोडने रोज जाता, पण ते शरणपूर म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती वसाहत, हे आजच्या किती मुलांना माहीत आहे? बाप्तिस्मा घेतला की घर, शेत, बलुतं सगळं सुटायचं, म्हणून मिशनने राहायला जागा दिली, हाताला काम दिलं. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे वाढली आणि शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. मिशनरी आणि शोधक लिव्हिंगस्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही हजर होता. (नाशिकच्या शाळेत शिकलेला मुलगा. आपण त्याचा साधा फलकही लावलेला नाही याची मला खंत वाटते.)

शरणपुराने माणसं वाचवली, यात शंका नाही. पण तिथली रचना बघा. तुमचा मालक मिशन, घरमालक मिशन, मुलांची शाळा मिशनची आणि आत्म्याची काळजी घेणारा पाळकही मिशनचाच. अशा माणसाला आपल्या विश्वासाबद्दल मोकळेपणाने शंका तरी काढता येईल का? आणि बाहेरच्याला त्याचा विश्वास खरा वाटेल का? नगर भागात १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी अनाथ पोरं पदरात घेतली, ती जगली. त्यांच्या नातवंडांना मात्र ‘पोटासाठी बाटले’ हे अजून ऐकावं लागतं. मदत देणाऱ्यांचा हेतू चांगला होता म्हणून हा टोमणा थांबला नाही. टोमणा खोटा असेल, पण त्याला जागा रचनेनेच करून दिली होती.

हे आपल्याच माणसांनी त्या काळीच ओळखलं होतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ हा मिशनपासून स्वतंत्र ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. जलालपूरच्या लेकीने, म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, संसार त्या पगारावर कसा चालायचा हे आतून पाहिलेलं होतं. ख्रिस्ताकडे यायचं तर मिशनच्या ताटाखालून यावं लागू नये, हा टिळकांचा आग्रह मला आजही ताजा वाटतो.

बाहेरच्या जगातही चर्चांना इथवर यायला वेळ लागला. जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळींच्या १९७४ च्या लोझान करारात सुवार्ताप्रसार आणि सामाजिक जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्यं आहेत असं मान्य झालं. १९८२ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या बैठकीत या दोन्हींच्या नात्याचे तीन प्रकार मांडले गेले: सेवा हे सुवार्तेचं फळ, सेवा हा सुवार्तेकडे नेणारा पूल, आणि सेवा ही सुवार्तेची सोबती. तुमचे ज्येष्ठ पुलाच्या कल्पनेत अडकलेत. पूल म्हटलं की पलीकडे पोचलेच पाहिजेत असं वाटतं आणि न पोचलेल्यावर केलेला खर्च वाया गेला असंही. २०११ मध्ये व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून एक निवेदन काढलं. एरवी ही तीन टोकं एका टेबलाशी क्वचितच बसतात. गरिबीचा आणि अडचणीचा फायदा घेण्याला ख्रिस्ती साक्षीत स्थान नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पोप बेनेडिक्टांनी २००५ च्या परिपत्रकात लिहिलं की देवाबद्दल कधी बोलावं आणि कधी गप्प राहून प्रेमालाच बोलू द्यावं हे ख्रिस्ती माणसाला कळतं. हा कॅथलिक विचार म्हणून तुमच्या मंडळीतले काही नाकं मुरडतील, पण वाचून दाखवा.

आता दुसऱ्या तटाकडे, कारण तुमच्या तरुणांचंही मला पटत नाही. नाव लपवलं की संशय दुप्पट होतो. पाड्यावर कुणाला कळत नाही असं समजू नका. गाडी कुणाची, ड्रायव्हर कुणाचा भाचा, रविवारी तुम्ही कुठे असता, सगळं पोलीस पाटलाच्या ओट्यावर बोललं जातं. मंडळीचं नाव फलकावर साध्या अक्षरांत लिहा. कुणी विचारलं, ‘तुम्ही हे का करता?’ तर सरळ सांगा की आम्ही येशूला मानतो, त्याने शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवलंय, म्हणून करतो. दोन वाक्यं. तिसरं वाक्य विचारणाऱ्याने काढलं तर बोला.

शिवाय आदिवासी माणसाला ऐकायचा आणि पटलं तर घ्यायचा हक्क आहे. घटनेचं कलम २५ त्यालाही लागू आहे. तो भोळा आहे, त्याला काही कळत नाही, म्हणून त्याच्यापुढे धर्माचं बोलूच नये, या म्हणण्यात मला त्याचा अपमानच दिसतो, मग ते म्हणणारा चर्चमधला असो की चर्चला विरोध करणारा. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं म्हटलं. त्याच्या आधी मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या नियोगी समितीच्या १९५६ च्या अहवालाने वैद्यकीय सेवेचा वापर धर्मांतराचं साधन म्हणून होऊ नये, अशी शिफारस केली होती. त्या अहवालाचा सूर आपल्याला बोचतो आणि त्यातल्या बऱ्याच निष्कर्षांशी माझं भांडण आहे, पण ही शिफारस धार्मिक रागातून आली म्हणून फेकून देण्यासारखी नाही. आपणही आपल्या तोंडाने तेच म्हणायला हवं.

सर्वांत जास्त काळजी मुलांची घ्या. तुमच्या पत्रात ओघात एक ओळ आहे की पुढच्या वर्षी नाशिकमध्ये मुलांसाठी छोटं वसतिगृह काढायचा विचार आहे. किट आणि शिबिराचं काम त्यामानाने सोपं आहे, इथे खरी कसोटी आहे. मोठा माणूस नको म्हणू शकतो, उठून घरी जाऊ शकतो. सातवीतला मुलगा वसतिगृहातून उठून कुठे जाणार? त्याचं जेवण, गादी, वह्या, सुट्टीत घरी जायचं बसभाडं, सगळं वॉर्डनच्या हातात. तो सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्याने गाईल, कारण वॉर्डनला काय आवडतं हे मुलांना आठवड्यात कळतं. मग आपण म्हणतो, बघा, किती गोडीने गातो.

मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदतीच्या शाळेत धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर मुलाच्या पालकाची संमती लागते, हे घटनेच्या कलम २८ मध्येच आहे. तुमचं वसतिगृह त्या चौकटीत बसो न बसो, मी तेच माप लावीन. त्यातही एक पळवाट बंद करा. प्रवेशाच्या दिवशी आईने फॉर्मवर अंगठा दिला ही संमती नव्हे. तिला त्या दिवशी पोरासाठी जागा हवी असते, ती दहा अंगठे देईल. प्रवेश पक्का झाल्यावर, महिना-दोन महिन्यांनी, आई-बाप भेटायला आले की पुन्हा विचारा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या मुलांसाठी त्या वेळेत दुसरं काही ठेवा: अभ्यासिका, खो-खो, काहीही. ते काही नसेल तर नकार ही शिक्षा ठरते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला पोराला घरी न्यायचं म्हणून बाप आला, तर कुरकुर न करता रजा द्या. वसतिगृहात असताना बाप्तिस्मा तर अजिबात नाही. मूल अठरा वर्षांचं होऊ दे, तुमच्या छपराखालून बाहेर पडू दे, कमावू दे. मग त्याला हवा असेल तर तो स्वतः येईल. या एका नियमावरून देणगीदार नाराज झालेले मी पाहिलेत. होऊ देत.

आजारपणाबद्दल. या भागात माणसं प्रार्थनेकडे वळतात ती बहुतेकदा दुखण्यामुळे किंवा नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. भगताकडे जाऊन झालं, खासगी दवाखान्यात पैसे गेले, मग कुणी तरी सांगतं, तिकडे प्रार्थना करतात. हे चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, हतबल माणूस देवाकडे जाणारच. पण तुमच्या शिबिरातला डॉक्टर आणि प्रार्थना करणारा एकाच टेबलावर नकोत. तपासणी झाली, गोळ्या दिल्या, समजावून झालं, आणि रोग्याने स्वतःहून म्हटलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, तर बाजूला नेऊन हळू आवाजात, त्याच्या भाषेत करा, बरं होण्याचं वचन न देता. आणि प्रार्थना करणाऱ्याने शेवटी न चुकता सांगायचं: गोळ्या बंद करू नका. क्षयाच्या साध्या रोग्यालाही सहा महिने औषध घ्यावं लागतं. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच कुणी तरी साक्षीच्या भरात ‘प्रभूने बरं केलं’ म्हणून पाकिटं टाकून देतं. सिकलसेलच्या पोरांचंही तेच. तुमच्या पाड्यांवर जे पास्टर प्रार्थनासभा घेतात त्यांना बोलावून आशाताईंसोबत एकदा बसवा. माझ्या अनुभवात पास्टर ऐकतात, त्यांना कुणी आदराने विचारलेलं नसतं इतकंच.

मदत घेणाऱ्या घरातलं कुणी बाप्तिस्मा मागितला तर काय, असा तुमचा उपप्रश्न आहे. थांबा. त्या घराला तुमच्याकडून काही मिळतंय तोवर थांबा, मग दुसऱ्या गावच्या पाळकाशी गाठ घालून द्या, ज्याला तुमच्या किटशी देणंघेणं नाही. नवरा-बायको दोघांशी बोलणं होऊ दे. अनुसूचित जमातीच्या माणसाचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही, पण अनुसूचित जातीतला ख्रिस्ती झाला तर त्याचा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार जातो, हे आधी सांगा. गावाची वर्गणी नाकारली तर काय होऊ शकतं हेही सांगा. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, पण कायदा तालुक्याला असतो आणि विहीर गावात. हे सगळं ऐकूनही त्याला हवं असेल, तर तो त्याचा निर्णय.

पैशाकडे मी थोडक्यात जातो, कारण त्यासाठी तुमच्याकडे सीए आहे. सुवार्तेचा खर्च मंडळीच्या दशांशातून (सभासद कमाईतून देतात त्या दानातून) करा, मदतीचा वेगळ्या खात्यातून. ज्याच्या देणगीदारांना आयकरात ८०जीची सूट मिळते अशा ट्रस्टला धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका, कॅनडाचा पासपोर्ट घेतलेल्या सख्ख्या मामाचीही नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला आपले परदेशी पैसे दुसरीकडे वळते करता येत नाहीत, त्यामुळे ‘मुंबईची मोठी संस्था आपल्याला देईल’ हा मार्गही बंद आहे. आणि देणगीदाराला पाठवायचं पत्र ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवता येईल असंच लिहा. तिकडे ‘अंधारातले लोक’ आणि इकडे ‘आमचे आदिवासी बांधव’ असली दुहेरी भाषा आता लपत नाही. पाड्यावरच्या पोरांच्या हातात फोन आहे आणि तुमची वेबसाइट त्यांना वाचता येते.

‘मग एनजीओत आणि आपल्यात फरक काय?’ या ज्येष्ठांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जामखेडला जा. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तिथे गेलं. गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित, बायकांना त्यांनी आरोग्य सेविका केलं. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाला कळलं. आपला विश्वास त्यांनी लपवला नाही आणि कुणाच्या उपचारावर त्याची अटही घातली नाही. निधी संपल्यावरही टिकणं, ज्यांना कुणी ओट्यावर घेत नाही त्यांना आधी घेणं, हिशेब उघडा ठेवणं, यात फरक दिसला नाही तर दहा मिनिटांच्या उपदेशाने तो दिसणार नाही.

तुमच्या पाण्याच्या कामाबद्दल लगेच करण्यासारखं: सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, पाणी नार-पारमधून पश्चिमेला वाहून जातं आणि एप्रिलमध्ये बायका विहिरीत उतरतात. तेव्हा टाकीची किल्ली म्हणजे तिथली सत्ता. ती प्रार्थनेला येणाऱ्या कुटुंबाकडे ठेवू नका, भले ते सर्वांत विश्वासू असेल. पाड्याची पाच जणांची समिती करा, निदान तिघे मंडळीबाहेरचे आणि निदान दोन बायका. किटची यादी तुम्ही करू नका. ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि हीच समिती मिळून करू दे, तुम्ही फक्त तपासा. यादीत प्रार्थनेला येणाऱ्यांचं प्रमाण पाड्यातल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त दिसलं तर यादी परत पाठवा. वाटपाचे फोटो काढायचे असतील तर गोण्यांचे काढा, माणसांचे नको.

आणि ज्या काकांना वाटपाआधी वचन सांगायचंच आहे, त्यांना नाराज करू नका. महिन्यातून एका रविवारी त्यांना सुरगाण्याच्या मंडळीत उपासनेला पाठवा, दार उघडं असलेल्या घरात, जिथे यायचं त्याने यावं. बसचं तिकीट मंडळीच्या पैशातून द्या. किटचा टेम्पो त्या दिवशी नाशिकलाच उभा ठेवा.